ऑब्जेक्टची रचना आणि सिद्धता : वेब फ्रेमवर्कमधील एका फारकतीचा इतिहास

प्रस्तावना :
मूल जन्मते एके दिवशी आणि त्याचे बारसे होते बाराव्या दिवशी. संगणकीय प्रोग्राममधील ऑब्जेक्टच्या बाबतीतही अस्तित्वात येणे (रचना) आणि कामास तयार होणे (सिद्धता) या दोन भिन्न घटना आहेत. त्यांच्यातील अंतर कसे वाढत गेले, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

विवेचन :
नॉर्वेतील ओले-योहान डाल व क्रिस्टेन न्यूगार्ड यांच्या 'सिम्युला ६७' या भाषेने क्लास व ऑब्जेक्ट या संकल्पना मांडल्या. त्या भाषेत ऑब्जेक्ट निर्माण होताच क्लासमधील विधाने कार्यान्वित होत. बियार्ने स्ट्रॉस्ट्रप यांनी १९७९ मध्ये बेल लॅबोरेटरीजमध्ये आरंभिलेल्या कार्यातून सी प्लस प्लस ही भाषा व तिचा कन्स्ट्रक्टर साकारला. निर्माण झालेला ऑब्जेक्ट वापरण्यायोग्यच असावा, ही हमी त्यामागे होती.

वेबच्या प्रसारानंतर ही हमी सैल झाली, कारण ऑब्जेक्ट निर्माण करण्याचे काम प्रोग्रामरकडून सर्व्हरवरील कंटेनरकडे गेले. जावा सर्व्हलेटमध्ये कंटेनर प्रथम पॅरामीटरविरहित कन्स्ट्रक्टरने ऑब्जेक्ट घडवितो आणि नंतर 'इनिट' या मेथडद्वारे त्यास आवश्यक माहिती पुरवितो. २००४ मध्ये स्प्रिंग फ्रेमवर्कची १.० आवृत्ती आली. तीत सहकारी ऑब्जेक्ट सेटर मेथडद्वारे पुरविल्यास कन्स्ट्रक्टर चालू असताना ते 'नल'च असत. त्यामुळे सिद्धतेसाठी स्वतंत्र टप्पा आवश्यक ठरला. २००६ मधील जावा ईई ५ ने 'पोस्टकन्स्ट्रक्ट' या अ‍ॅनोटेशनद्वारे त्यास प्रमाणरूप दिले. २०१६ मधील अँग्युलर २ मध्येही पालक कंपोनंटकडून येणारी माहिती कन्स्ट्रक्टरमध्ये उपलब्ध नसे. ती 'एनजीऑनइनिट'च्या वेळी हाती येई.

निष्कर्ष :
ऑब्जेक्टचा निर्माता बदलल्यामुळे ही फारकत घडली. पूर्वी भाषा जी हमी देई, ती आता फ्रेमवर्कमधील घटनाक्रमाच्या ज्ञानावर अवलंबून राहू लागली. अनिवार्य सहकारी ऑब्जेक्ट कन्स्ट्रक्टरमधूनच द्यावेत, असा पुरस्कार स्प्रिंगच्या अधिकृत मार्गदर्शनात पुढे झाला, तो ही हमी परत मिळविण्यासाठीच होय. वर्गात कन्स्ट्रक्टर हा बहुधा व्याकरणाचा घटक म्हणून शिकविला जातो. मग विधान निर्दोष असूनही 'नल'ची त्रुटी का यावी, हे विद्यार्थ्यास उमगत नाही. ऑब्जेक्ट कोण व केव्हा घडवितो, हे या इतिहासासह शिकविल्यास ते कोडे सुटू शकेल.