‘ॲनिमल क्रॉसिंग : न्यू होरायझन्स’मधील परवाने व भूखंड

निर्जन बेटावर वसाहत वसविण्याच्या या संगणकीय खेळात जमीन कोणी, कोठे व कोणत्या शर्तींवर वापरावी याचे नियमन करणारी व्यवस्था. आया क्योगोकू यांच्या दिग्दर्शनाखाली सिद्ध झालेला हा खेळ निन्टेन्डो या जपानी कंपनीने २० मार्च २०२० रोजी स्विच या खेळयंत्रासाठी प्रसिद्ध केला.

पूर्वपीठिका : या मालिकेचा आरंभ २००१ साली जपानमध्ये झाला. ‘न्यू लीफ’ (२०१२) या खेळात खेळाडूस गावाचे महापौरपद लाभले खरे, तथापि नवा शेजारी आपले घर स्वेच्छेने कोठेही थाटीत असे, आणि मोठ्या कष्टाने आखलेली पायवाट किंवा जोपासलेला ताटवा त्यामुळे एका रात्रीत नाहीसा होई. ‘न्यू होरायझन्स’मध्ये जागा मुक्रर करण्याचा अधिकार खेळाडूकडे आला, तो या जुन्या तक्रारीचा परिहार म्हणावयास हरकत नाही.

भूखंड : टॉम नूक हा तानुकी जातीचा व्यापारी बेटाचा कारभारी, सावकार व बांधकामाचा मक्तेदार अशा तिन्ही नात्यांनी वावरतो. एका बेटावर कमाल ८ खेळाडूंना घर करता येते. परंतु शेजाऱ्यांचे भूखंड, पूल व चढ यांविषयीचा निर्णय प्रथम आलेल्या खेळाडूच्या, म्हणजे ‘रहिवासी प्रतिनिधी’च्या, हाती असतो. स्वतःच्या तंबूची जागा तो आरंभीच निवडतो. पुढे प्राणी-शेजाऱ्यांसाठी, कमाल १० घरांपर्यंत, भूखंड राखून ठेवणे हे त्याचे काम होते. पहिले तीन भूखंड सामानसुमानासह सज्ज करून द्यावयाचे असतात. त्यानंतरच्या प्रत्येक भूखंडास १०,००० बेल (खेळातील चलन) भरावे लागतात. खेळाडू जागेवर उभा राहून घराचा आराखडा जमिनीवर पडताळून पाहतो आणि होकार देताच तेथे विक्रीची पाटी रोवली जाते. ही पाटी उभी असता त्याने कोणास निमंत्रण दिले नाही, तर काही दिवसांनी कोणीतरी आपण होऊन तो भूखंड घेते. सारांश, जागा ठरविण्याचा हक्क प्रतिनिधीचा असला, तरी ती अनिश्चित काळ रिकामी ठेवण्याचा हक्क त्याला नाही. एकदा ठरलेली जागा बदलता येते; शेजाऱ्याचे घर हलविण्यास ५०,००० व स्वतःचे हलविण्यास ३०,००० बेल पडतात.

कर्ज : घराच्या वाढीसाठी नूक ९८,००० बेलपासून २४,९८,००० बेलपर्यंत चढत जाणारी सात कर्जे देतो. त्यांना व्याज नाही आणि मुदतही नाही. मात्र आधीचे कर्ज फिटल्यावाचून पुढचे काम हाती घेतले जात नाही.

परवाने : बेटाची प्रतिष्ठा तीन ताऱ्यांस पोहोचून के. के. स्लायडर या गायक श्वानाची मैफल झाली, की खेळाडूच्या भ्रमणध्वनीत ‘आयलंड डिझायनर’ हे साधन येते. त्यासोबत रस्ते घालण्याची मूळ मुभा मिळते. इतर प्रकारच्या फरसबंदीचे, तसेच जलप्रवाह आणि कडे यांचे परवाने मात्र निवासी सेवा-कार्यालयातील यंत्रावर ‘नूक माइल्स’ देऊन घ्यावे लागतात. जलप्रवाहाचा व कड्यांचा परवाना प्रत्येकी ६,००० माइल्सचा आहे. मासे धरणे, गवत उपटणे, शेजाऱ्यांशी बोलणे अशा नित्यकर्मांतून हे माइल्स साठत असल्याने बेट घडविण्याची मुभा बेटावर राहण्यातूनच कमवावी लागते. परवाना एकदा घेतला, की त्याच्या नूतनीकरणाची गरज नाही. शिरस्त्राण चढवून खेळाडू काठावर उभा राहिला, की प्रत्येक प्रहारासरशी एक चौरस जमीन पाण्यात जाते वा पाण्यातून वर येते. कोपऱ्यावर पुन्हा प्रहार केल्यास तो गोलाई धरतो.

मर्यादा : नदीची मुखे व विमानतळ यांची जागा कोणत्याही परवान्याने बदलता येत नाही, आणि सेवा-कार्यालयासमोरील चौक आरंभी असतो तेथेच राहतो. पूल किंवा चढ यांच्या खर्चासाठी कामाच्या जागी लॉइड नावाचा वर्गणी गोळा करणारा उभा राहतो. शेजारी त्यात थोडीबहुत भर घालतात, पण मुख्य भार प्रतिनिधीवरच पडतो. रक्कम पुरी झाल्यावर काम दुसऱ्या दिवशी सकाळी सिद्ध होते. पूल व चढ यांची मर्यादा आरंभी प्रत्येकी ८ होती, ती नोव्हेंबर २०२१ मधील २.० आवृत्तीने १० केली.

स्वरूप : सातबाऱ्यासारखा हक्कनोंदीचा कागद, विक्रीखत वा वारसा यांना या व्यवस्थेत स्थान नाही. खेळाडू जमीन खरेदी करीत नाही, आणि तिचा सारा भरण्याचा प्रसंगही त्याच्यावर येत नाही; त्याचे द्रव्य खर्ची पडते ते इमारतीवर, जागेच्या राखणीवर व फेरफाराच्या मुभेवर. त्यामुळे येथील भूमी-अधिकार हा मालकीहून वहिवाटीस व नियोजनास अधिक जवळचा आहे, आणि खेळाडू जमीनमालक होण्याऐवजी, ऋणको असतानाही, वसाहतीचा नगररचनाकार ठरतो.