गलबताचे शीड

आंग्र्यांच्या लढाया आपण वाचतो. त्यांचे गलबत वाऱ्यात तोल कसा राखी, हे मात्र कोणी विचारीत नाही. रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने त्याचे वर्णन करून ठेविले आहे. डोलकाठ्या दोन, पैकी मागची अगदी हलकी. मोठीवर एकच त्रिकोणी शीड, आणि त्याचे टोक डोलकाठीहून उंच. अर्थात ते ज्या तिरप्या वाशावर ताणीत, तो चांगलाच लांब असला पाहिजे. शिडाचा जोर मागे पडला तर नाळ वाऱ्याकडे वळते. पुढे पडला तर वाऱ्यापासून ढळते. मागचे चिमुकले शीड हे मला शोभेचे वाटत नाही. तोल साधण्याचे ते साधन होय. इ. स. १७५६ च्या फेब्रुवारीत विजयदुर्गास तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले. त्या मोहिमेत आमचे पुणेकर पेशवे इंग्रजांच्या बाजूस होते.