परत न आलेल्या विमानाची तिथी

इतिहास म्हटला की राजे, तह आणि लढाया आपल्या डोळ्यांसमोर येतात. परंतु माजघराच्या भिंतीवरील गणवेशातल्या तसबिरीलाही इतिहास असतो. दुसऱ्या महायुद्धात वायुदलात गेलेला चुलता वा मामा बेपत्ता झाल्याची तार आली आणि पुढे काहीच कळले नाही, अशा घराने शोध कसा घ्यावा, याचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

‘बेपत्ता’ हा शब्द मोठा निर्दय आहे. मृताचे सुतक धरता येते, बेपत्त्याचे धरता येत नाही. सात वर्षे वार्ता नसलेल्यास मृत मानण्याची वाट १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याने मोकळी केली. २०२३ च्या कायद्यानेही ती राखली. धर्मशास्त्राने बारा वर्षे थांबून पालाशविधी सांगितला. पण तिथी कोणी द्यावी? मग बिचाऱ्याचे पान सर्वपित्रीला वाढावयाचे!

हे युद्ध आपल्या ठाणे-कल्याणपासून दूर नव्हते. नेवाळीस धावपट्टी झाली. कल्याणजवळ लष्करी छावण्या पडल्या. पुढे त्याच छावण्यांत निर्वासित सिंधी बांधव आले आणि १९४९ साली त्या वसाहतीस उल्हासनगर हे नाव मिळाले.

बाँबफेकी विमानांवर आपली माणसे दोन ठिकाणी होती. इंग्लंडच्या बाँबर कमांडमध्ये सुमारे १,२५,००० वैमानिक व सहकारी लढले, त्यांपैकी ५५,५७३ मृत्यू पावले. लँकेस्टर विमानात सात माणसे असत. अशा विमानांचे मार्गदर्शक म्हणून शैलेंद्र एकनाथ सुखठणकर यांनी डी. एफ. सी. हे पदक मिळविले. इकडे भारतीय वायुदलाच्या ७ व ८ क्रमांकांच्या तुकड्या १९४३-४४ मध्ये ब्रह्मदेशाच्या आघाडीवर व्हेंजन्स विमाने नेत. त्यांत माणसे दोनच.

युद्ध संपले तेव्हा ब्रिटिश वायुदलाच्या यादीत सुमारे ४२,००० जण बेपत्ता होते. शोधपथकांनी गावोगाव हिंडून १९५० अखेर त्यांपैकी सुमारे २४,००० जणांच्या कबरी निश्चित केल्या. ज्यांना कबर लाभली नाही त्यांची नावे दगडावर कोरली: इंग्लंड व उत्तर-पश्चिम युरोपातून उडालेल्यांची रनीमीड येथे १९५३ साली, दक्षिण व पूर्व आशियावर पडलेल्यांची सिंगापूरच्या क्रांजी येथे १९५७ साली.

म्हणून शोधाचा आरंभ राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या नोंदींपासून करावा. मराठी आडनाव इंग्रजीत चार तऱ्हांनी लिहिले जाते; चारही तऱ्हा पाहाव्यात. गावाचे नाव ‘ठाणा’ असे जुन्या वळणानेच शोधावे, अथवा नुसते मुंबई. तेथून तारीख आणि तुकडीचा क्रमांक हाती येतो. मग लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय दप्तरात तुकडीची नोंदवही काढावी. विमान किती वाजता उडाले, आत कोण होते, लक्ष्य कोणते, हे तीत सापडते. परत आलेल्यांचा वृत्तान्त तीत लांब असतो. न आलेल्याचा बहुधा एका ओळीत आटोपतो. उड्डाणाची वेळ मात्र अवश्य टिपावी, कारण रात्री निघालेले विमान मध्यरात्रीनंतर पडले, तर तारीख एका दिवसाने बदलते.

त्या तारखेचे जुने पंचांग ग्रंथालयात मिळाले, की तिथी निघते. विमानातील इतर नावेही उतरून घ्यावीत. आपल्या घरात जी तसबीर आहे, तशीच त्यांच्याही घरांत असणार. आपल्याला मिळालेले उत्तर त्यांना कळविणे हे आपले कर्तव्य होय. इतिहाससंशोधनाने राज्ये परत येत नाहीत, माणसेही येत नाहीत. परंतु सर्वपित्रीच्या गर्दीतून एकाला त्याची स्वतःची तिथी मिळवून देता येते, आणि एका घराला तेवढे पुरेसे असते.