समुद्राला सातबारा नसतो

सोलापूरहून समुद्र फार दूर. आमच्याकडे लाट म्हणजे उन्हाची, आणि मासा म्हणजे फार तर उजनीचा. तरीही देवमाशांसाठी झालेल्या आंतरराष्ट्रीय कायद्याची कथा एका सोलापूरकराने सांगावी, याला कारण १९७९ हे साल आहे. त्या वर्षी हिंदी महासागर देवमाशांचे अभयक्षेत्र ठरला. त्याच वर्षी जूनमध्ये जर्मनीतील बॉन येथे स्थलांतर करणाऱ्या वन्य प्राण्यांसाठी राष्ट्राराष्ट्रांत करार झाला. आणि त्याच वर्षी आमच्या नान्नजच्या माळाभोवती माळढोक अभयारण्याची रेषा आखली गेली. सनावळीतले योगायोग अभ्यासकाला मोहात पाडतात, म्हणून हा योगायोग मी योगायोग म्हणूनच मांडतो. पण तिन्ही कुंपणांचे पुढे काय झाले, हे शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहे.

देवमाशाच्या नावात मासा असला, तरी तो पिलाला दूध पाजणारा सस्तन प्राणी. तेलासाठी त्याची अपरंपार कत्तल झाली, तेव्हा २ डिसेंबर १९४६ रोजी वॉशिंग्टन येथे मोठा करार झाला. त्याचा हेतू देवमासा राखणे हा होता, तसाच देवमाशांचा धंदा सुरळीत चालावा हाही होता. एखादा नियम पटला नाही, तर ठरावीक मुदतीत हरकत नोंदवून त्या देशाला मोकळे होता येई. शिवाय किती देवमासे मारले, हा आकडा मारणाऱ्यानेच कळवायचा! तिजोरीच्या किल्ल्या चोराच्याच हाती देण्यासारखे हे झाले.

त्याचे फळ आपल्याच पश्चिम समुद्रात दिसले. १९६६ च्या नोव्हेंबर महिन्यात सोव्हिएत जहाजे अंटार्क्टिककडे जाताना अरबी समुद्रात थबकली. ओमान, पाकिस्तान आणि वायव्य भारत यांच्या किनाऱ्यांसमोर त्यांनी हंपबॅक जातीचे २३८ देवमासे बेकायदा मारले. त्यांतल्या पुष्कळ माद्या गाभण होत्या. जगातले इतर हंपबॅक थंड समुद्रातून उष्ण समुद्रात येजा करतात. अरबी समुद्रातले मात्र वर्षभर इथेच राहतात. गेलेल्यांची जागा भरून काढायला बाहेरून कोणी येणार नव्हते. आज ही वस्ती शंभराच्या आसपास उरली असावी, असा अंदाज आहे.

या शिकारीची वार्ता जगाला पंचवीसहून अधिक वर्षे नव्हती. १९९३ साली अलेक्सेई याब्लोकोव्ह या रशियन शास्त्रज्ञाने खोट्या हिशेबांचा स्फोट केला. जहाजांवरच्या काही शास्त्रज्ञांनी खऱ्या नोंदी जिवापाड जपल्या होत्या. दक्षिण गोलार्धात सोव्हिएत संघाने अधिकृतपणे कळवलेले हंपबॅक होते २,७१०. प्रत्यक्षात मारलेले ४८,००० हून अधिक. या लबाडीला आळा बसला तो १९७२ पासून, जहाजांवर परक्या देशाचे निरीक्षक बसू लागले तेव्हा. नियम जुनेच होते. पाहणारा डोळा तेवढा नवा होता.

त्यानंतर कायदा बळावला. सेशेल्स या चिमुकल्या बेटराष्ट्राच्या आग्रहाने हिंदी महासागराचे अभयक्षेत्र झाले. भारत १९८१ साली आयोगाचा सभासद झाला. १९८२ साली २५ विरुद्ध ७ मतांनी व्यापारी शिकारीला स्थगिती मिळाली.

आता माळाकडे वळू. सत्तरच्या दशकात सोलापूरचे पक्षिनिरीक्षक बी. एस. कुलकर्णी यांनी नान्नजच्या माळढोकांकडे जाणकारांचे लक्ष वेधले. मीटरभर उंचीचा हा पक्षी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालतो. ते तुडवले गेले की हंगाम संपला. त्याला गवताळ माळच हवा, म्हणून अभयारण्य झाले. पण केवढे? तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर! सोलापूर आणि तेव्हाचा अहमदनगर या जिल्ह्यांतले तालुकेच्या तालुके त्यात आले. गावे, विहिरी, वहिवाटी सगळे रेषेच्या आत. जमिनीचे व्यवहार अडले, कामे खोळंबली, आणि पक्ष्याचे नाव निघताच शेतकऱ्याच्या कपाळाला आठी पडू लागली. समुद्राला सातबारा नसतो, माळाला असतो. ज्याने पाखराला राखायचे, तोच त्याला वैरी मानू लागला. अखेर सर्वोच्च न्यायालयाच्या संमतीने क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. तोवर पुष्कळ माळ नांगराखाली गेला होता, पाणी आले तिथे ऊस उभा राहिला होता, आणि माळढोक विरळ झाला होता.

फेब्रुवारी २०२० मध्ये बॉन कराराची परिषद गांधीनगरला भरली. तिथे माळढोकाचे नाव पहिल्या परिशिष्टात गेले. निळा देवमासा आणि हंपबॅक १९७९ पासूनच त्या यादीत आहेत. आमच्या माळावरचे पाखरू अखेर त्यांच्या पंगतीला बसले, पण ताट वाढेपर्यंत नान्नजचा पाहुणा जवळजवळ उठून गेला होता. आज तिथे एखादा माळढोक दिसला, तर त्याची वर्तमानपत्रात बातमी होते.

मग आंतरराष्ट्रीय कायदा व्यर्थ म्हणायचा का? मला तसे वाटत नाही. स्थगिती आल्यावर कित्येक समुद्रांत हंपबॅक पुन्हा वाढले, ही कायद्याचीच पुण्याई. मात्र समुद्रावर कायद्याला निरपेक्ष साक्षीदार लागला, आणि माळावर शेजारी राहणाऱ्या माणसाची संमती लागते. समुद्रावर साक्षीदार उशिरा का होईना, मिळाला. माळावर मात्र रेषा आधी आखली आणि माणसाला नंतर विचारले.

नान्नजचा माळ अजून रिकामा झालेला नाही. काळवीट आहेत, लांडगे आहेत. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्याकाठी बसून वनखात्याची माणसे आणि हौशी मंडळी येणारे जनावर मोजतात. त्या बैठकीत गावोगावच्या शेतकऱ्यालाही मानाने बोलवावे, त्याच्या हाती वही द्यावी आणि त्याने लिहिलेला आकडा प्रमाण मानावा, एवढेच माझे मागणे आहे.