उन्हाळी चेताविज्ञान संशोधन प्रशिक्षण (हिंगोली जिल्हा)

पदवीच्या विद्यार्थ्याने उन्हाळी सुटीत साधारणपणे दोन महिने संशोधन संस्थेत राहून, मेंदू व चेतासंस्था यांवरील चालू संशोधनात मार्गदर्शकाच्या हाताखाली प्रत्यक्ष काम करणे, म्हणजे हे प्रशिक्षण होय. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्यात चेताविज्ञानाची संशोधन संस्था नाही. औंढा नागनाथ तालुक्यात होऊ घातलेली लायगो-इंडिया ही वेधशाळा गुरुत्वीय लहरींसाठी आहे. त्यामुळे नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत विज्ञान शिकणाऱ्या येथील विद्यार्थ्याला त्यासाठी बाहेरगावीच जावे लागते.

त्याचा मुख्य मार्ग म्हणजे देशातील तीन विज्ञान अकादमींची संयुक्त उन्हाळी अधिछात्रवृत्ती. तीत विद्यावेतन मिळते आणि महाविद्यालयीन शिक्षकांनाही अर्ज करता येतो. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था अभ्यागत विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र कार्यक्रम चालवते.

या संस्थेतील जीवशास्त्राची परंपरा १९६२ मध्ये ओबेद सिद्दीकी यांनी सुरू केली. त्यांनी सीमोर बेंझर यांच्यासह १९७६ मध्ये फळमाशीच्या अशा उत्परिवर्तित, म्हणजे जनुकात बदल झालेल्या, प्रकारांवर शोधनिबंध प्रसिद्ध केला, जे ऊब वाढताच लुळे पडतात आणि थंडावा मिळताच पुन्हा हालचाल करू लागतात. त्यांपैकी एका प्रकारात बदललेले ‘पॅरा’ हे जनुक सोडियम आयनांना चेतापेशीत शिरू देणाऱ्या मार्गिकेचे प्रथिन घडवते, आणि याच मार्गिकेमुळे चेतापेशीतून विद्युत्संदेश पुढे जातो, हे पुढे स्पष्ट झाले. पिकलेल्या केळ्यावर घोंगावणारी ही माशी अल्पकालीन प्रशिक्षणाला विशेष सोयीची ठरते, कारण २५ अंश सेल्सिअसला तिची पिढी सुमारे दहा दिवसांत पूर्ण होते. आठ आठवड्यांत विद्यार्थी संकर करून संततीचे वर्तन तपासू शकतो, म्हणजे प्रश्नापासून निष्कर्षापर्यंतचा संपूर्ण प्रवास त्याला घडतो. उंदरांवरील कामात एवढ्या अवधीत त्याच्या वाट्याला बहुधा एखादाच टप्पा येतो. प्रौढ फळमाशीच्या मेंदूतील १,३९,२५५ चेतापेशींच्या जोडण्यांचा नकाशा २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला असून मानवी मेंदूत अशा पेशी सुमारे ८,६०० कोटी असतात. लहान मेंदूपासून सुरुवात करण्याचे प्रयोजन या दोन आकड्यांतून कळते.

हिंगोलीच्या विद्यार्थ्याची खरी अडचण बुद्धीची किंवा गुणांची नाही, तर माहितीची व वेळापत्रकाची आहे. प्रशिक्षण उन्हाळ्यात असले तरी अकादमींचे अर्ज आधीच्या हिवाळ्यात भरले जातात. त्यांना शिक्षकाचे शिफारसपत्र आणि संशोधनाच्या आवडीविषयी छोटे टिपण जोडावे लागते, आणि विद्यापीठाच्या उन्हाळी परीक्षा लांबल्या तर निवड होऊनही रुजू होणे अवघड होते. यावर सर्वांत स्वस्त आणि परिणामकारक उपाय महाविद्यालयांच्याच हाती आहे. काचेच्या बाटल्या, शिजवलेले खाद्य आणि साधा सूक्ष्मदर्शक एवढ्या साहित्यावर फळमाशी पाळता येते. असा अनुभव घेतलेल्या विद्यार्थ्याच्या टिपणात पाठ केलेल्या वाक्यांऐवजी स्वतःचा प्रश्न येतो आणि शिक्षकालाही त्याच्याविषयी ठोस लिहिता येते. शिक्षकांनी अर्जाची सूचना फलकावर लावून न थांबता, दिवाळीच्या सुटीपूर्वी इच्छुक विद्यार्थ्यांना बोलावून त्यांचे टिपण लिहून घ्यावे.