बाह्य कॉन्फिगरेशन (वेब ॲप्लिकेशन)

वेब ॲप्लिकेशन जेथे चालते त्या ठिकाणानुसार बदलणारी मूल्ये आज्ञावलीत न लिहिता तिच्याबाहेर ठेवणे व ॲप्लिकेशन सुरू होण्यापूर्वी ती वाचून घेणे, या पद्धतीस बाह्य कॉन्फिगरेशन असे म्हणतात. एपीआयचा पत्ता किंवा एखादी सुविधा चालू आहे की बंद, ही अशा मूल्यांची उदाहरणे होत.

पार्श्वभूमी

हेरोकू कंपनीचे सहसंस्थापक ॲडम विगिन्स यांच्या 'द ट्वेल्व्ह-फॅक्टर ॲप' या नियमसंचातील तिसरा नियम कॉन्फिगरेशनविषयी आहे. ही मूल्ये एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये, म्हणजे प्रचालन प्रणाली प्रोग्रामला पुरवते त्या नाव-मूल्यांच्या जोड्यांत, ठेवावीत असे तो सांगतो. त्याची कसोटीही सोपी आहे: एकही गुप्त माहिती उघड न होता संपूर्ण आज्ञावली या क्षणी सार्वजनिक करता आली पाहिजे.

सर्व्हरवरील प्रोग्रामला हा नियम सहज लागू पडतो. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या ॲप्लिकेशनला मात्र तो जसाच्या तसा लागू पडत नाही, कारण त्याची आज्ञावली वापरकर्त्याच्या यंत्रावर चालते आणि तेथे सर्व्हरची व्हेरिएबल्स उपलब्ध नसतात. त्यामुळे अँग्युलरसारख्या फ्रेमवर्कमध्ये प्रत्येक ठिकाणासाठी वेगळी फाइल ठेवून बिल्ड करतानाच ती बदलण्याची रीत पडली. या रीतीत चाचणी झालेले बिल्ड आणि प्रत्यक्ष वापरात जाणारे बिल्ड एकच राहत नाही. साधा पत्ता बदलण्यासाठीही नवे बिल्ड करावे लागते.

कार्यपद्धती

यावर उपाय म्हणून मूल्ये एका जेसन फाइलमध्ये ठेवतात व ॲप्लिकेशन उघडताना ती सर्व्हरवरून मागवतात. अँग्युलरमध्ये यासाठी 'ॲप इनिशियलायझर' ही सोय आहे. तिच्यात नोंदवलेल्या फंक्शनने प्रॉमिस परत केल्यास ते पूर्ण होईपर्यंत पहिला घटक पडद्यावर येत नाही. अनेक इनिशियलायझर एकाच वेळी सुरू होतात. एक संपल्यावरच दुसरा सुरू होईल अशी हमी नसते. म्हणून दुसऱ्या इनिशियलायझरला हीच मूल्ये हवी असल्यास चूक संभवते, आणि ती कधी दिसते, कधी दिसत नाही. अशा वेळी मुख्य फाइलमध्येच आधी जेसन मागवून मग ॲप्लिकेशन सुरू करणे अधिक निर्धोक ठरते. अँग्युलरच्या १९व्या आवृत्तीपासून जुन्या टोकनऐवजी त्यासाठीचे स्वतंत्र फंक्शन वापरण्याची शिफारस आहे.

मर्यादा

फाइल येईपर्यंत वापरकर्त्यास कोरा पडदा दिसतो. ती आलीच नाही आणि त्रुटी हाताळलेली नसली, तर ॲप्लिकेशन सुरूच होत नाही. ब्राउझरकडे आलेली फाइल कोणासही वाचता येत असल्याने तिच्यात पासवर्ड किंवा गुप्त किल्ली ठेवणे अयोग्य होय. शिवाय, बिल्डमधील इतर फायलींच्या नावांत सहसा मजकुरानुसार बदलणारा संकेत असतो, तसा या फाइलच्या नावात नसतो. सर्व्हरने तिच्यासाठी 'नो-कॅश' सूचना दिली नाही, तर बदल करूनही ब्राउझर जुनीच मूल्ये वापरत राहू शकतो.