संघ कोणाचा? चेन्नई सुपर किंग्ज आणि शहराची ओळख

व्यावसायिक क्रीडासंघाचा इतिहास म्हणजे केवळ विजय-पराजयांची यादी नव्हे. मालक, खेळाडू, मैदान आणि प्रेक्षक यांपैकी संघाची ओळख नेमकी कशात असते, हेही तपासावे लागते. चेन्नई सुपर किंग्जच्या उदाहरणावरून आपण ते पाहू.

स्थापना : जानेवारी २००८ मध्ये आयपीएलच्या संघांचा लिलाव झाला. चेन्नईचा संघ इंडिया सिमेंट्स या तिथल्याच कंपनीने ९ कोटी १० लाख डॉलरला घेतला. म्हणजे शहराचे नाव लावण्याचा हक्क बाजारात विकत घेतला गेला. कर्णधार महेंद्रसिंग धोनी तर रांचीचा. तरीही २०१० आणि २०११ च्या विजेतेपदांनंतर पिवळा रंग चेन्नईचा मानला जाऊ लागला.

बंदी : सट्टेबाजी प्रकरणात न्यायमूर्ती लोढा समितीने जुलै २०१५ मध्ये या संघाला दोन वर्षांसाठी निलंबित केले. खेळाडू पांगले. धोनी पुण्याच्या नव्या संघात गेला. हा संघ २०१७ च्या अंतिम सामन्यात अवघ्या एका धावेने हरला. पण त्याची मुदतच दोन वर्षांची होती, त्यामुळे त्याचे नाव आणि रंग त्याच्याबरोबर संपले. चेन्नईचा संघ मैदानात नसूनही चाहत्यांच्या मनात टिकून राहिला.

कसोटी : २०१८ मध्ये संघ परतला, तेव्हा तमिळनाडूत कावेरीच्या पाण्यासाठी आंदोलन पेटले होते. शेतकरी संकटात असताना शहरात क्रिकेटचा उत्सव कशाला, असा आंदोलकांचा सवाल होता. १० एप्रिलच्या सामन्यात मैदानावर बूट फेकले गेले आणि उरलेले घरचे सामने पुण्याजवळच्या गहुंजे येथे हलवण्यात आले. तेव्हा सुमारे हजार चाहते ‘व्हिसल पोडू एक्स्प्रेस’ या खास रेल्वेगाडीने चेन्नईहून पुण्याला आले. लक्षात घ्या, विरोध करणारे आणि गाडीत बसणारे, दोघेही शहराच्याच नावाने बोलत होते. त्या मोसमात संघाने मुंबईत विजेतेपद पटकावले.

तुलना : अमेरिकन फुटबॉलमध्ये क्लीव्हलँड ब्राउन्सच्या मालकाने १९९५ मध्ये संघ बाल्टिमोरला नेण्याचे जाहीर केले. शहर न्यायालयात गेले. १९९६ मध्ये तडजोड झाली. खेळाडू बाल्टिमोरला गेले, पण नाव, रंग आणि विक्रम क्लीव्हलँडकडेच राहिले. तीन मोसमांनंतर, १९९९ मध्ये, तिथे ब्राउन्स पुन्हा उभा राहिला. तिथे जे करारात लिहावे लागले, ते चेन्नईत कोणत्याही कागदाविना घडले.

निष्कर्ष : मालकी विकत घेता येते, खेळाडू बदलतात, मैदानही हलवता येते. ओळख मात्र सलग आठवणीतून घडते, आणि ती जपणाऱ्या लोकांमध्येही एकमत असतेच असे नाही. २०२४ मध्ये याच संघाचे कर्णधारपद पुण्याच्या ऋतुराज गायकवाडकडे आले, म्हणून संघ काही पुण्याचा झाला नाही.

विचार करा : तुमच्या शहराचे नाव लावणारा संघ शहराच्या अडचणीच्या काळात कोणाला उत्तरदायी असावा? मालकाला, प्रेक्षकाला, की मैदानात कधीच न येणाऱ्या नागरिकालाही?